बाळाचे झबले घरी शिवताना

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे त्या सुमारास घरी बाळ येणार असेल तर त्याच्या झबल्यासाठी धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाला पर्याय नाही. आजोबांचे जुने धोतर किंवा आजीचे सुती लुगडे उत्तम. मात्र ते उजेडासमोर धरून पाहावे आणि घड्यांवर विरलेला भाग सोडून द्यावा. कापड गडद रंगाचे असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर चोळावा. रुमालाला रंग लागला तर ते कापड गोधडीसाठी ठेवावे. संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी काळे झबले शिवतानाही ही परीक्षा चुकवू नये. आपल्या गावच्या टेरी टॉवेलचा लौकिक मोठा असला तरी तो बाळाचे अंग टिपायला चांगला, झबल्यासाठी जाड होतो. नवी मलमल आणल्यास ती रात्रभर भिजवावी, खळ निघेपर्यंत धुवावी आणि इस्त्री करून मगच कातर लावावी, कारण नवे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते.

पहिल्या तीन महिन्यांच्या झबल्यासाठी ५० सेंमी रुंद आणि ७० सेंमी लांब तुकडा पुरतो. लांबीची निम्मी घडी घालावी, मग रुंदीचीही घालावी, म्हणजे २५ बाय ३५ सेंमीचे चार पदर होतात. दोन्ही घड्या जिथे मिळतात तो गळ्याचा कोपरा. तिथून खांद्याच्या घडीवर ५ सेंमी मोजून मागच्या गळ्याची खोली दीड सेंमी कापावी आणि पुढच्या पदरांचा गळा ५ सेंमीपर्यंत उतरवावा. बाहीसाठी मोकळ्या कडेला वरून १० सेंमीवर, तर अंगासाठी मधल्या घडीपासून १४ सेंमीवर खडूची खूण करून बगलेत हलका गोल आकार द्यावा. पुढचा पदर मधोमध उभा कापावा, म्हणजे झबले बाळाच्या डोक्यावरून ओढावे लागत नाही.

पुढच्या दोन्ही कडा अर्धा सेंमी दोनदा दुमडून शिवाव्यात आणि गळ्याला ३ सेंमी रुंद उरेप (कापडावर तिरकी कापलेली) पट्टी लावावी. सरळ पट्टी गोलाईवर चुण्या पाडते.

खरी काळजी बगलेच्या शिवणीत घ्यायची असते. उलट बाजू एकमेकींना लावून, म्हणजे सुलट बाजू बाहेर ठेवून, कडेपासून अर्ध्या सेंमीवर पहिली टीप मारावी. उरलेली कड ३ मिमी ठेवून कापावी, बगलेच्या गोलाईत टिपेला धक्का न लावता बारीक चिरा द्याव्यात, मग झबले उलटवून शिवण नखाने दाबावी आणि ७ मिमीवर दुसरी टीप मारावी. कापडाचे सुटे धागे या दोन टिपांमध्ये कायमचे बंद होतात. हा खटाटोप केवळ सफाईसाठी नाही. सुटा धागा तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती आवळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा अडू शकतो आणि बाळाला रडण्यावाचून सांगता येत नाही. म्हणूनच बाहीची दुमडही आत न घालता बाहेरच्या अंगाला घालून तुरपावी. तयार झबल्याचा घेर सुमारे ४९ सेंमी भरतो. तो सैल वाटला तरी उकाड्यात तसाच हवा.

बटणे लावूच नयेत, कारण तुटलेले बटण थेट तोंडात जाते. त्याऐवजी त्याच कापडाचे बंद छातीवर, गळ्यापासून ३ आणि ११ सेंमीवर, समोरासमोर लावावेत. प्रत्येक बंद १२ सेंमीहून लांब नसावा आणि गळ्याशी किंवा पाठीवर एकही नसावा. पाठीवरची गाठ निजलेल्या बाळाला रुतते. बंदाचे टोक दुमडून चौकोनी टीप मारावी आणि हाताने जोरात ओढून पाहावे.

शेवटी खालची कड दुमडून शिवावी, झबले उलटे करून प्रत्येक शिवणीवरून बोट फिरवावे, उरलेली टोके कापावीत आणि पुन्हा एकदा साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवावे.