तोच पळस, तीच नक्षी: जुनं संकल्पचित्र पुन्हा रंगवून हात कसा सुधारावा

संकल्पचित्र, म्हणजे आकार मांडून रंगवलेली नक्षी, बिघडलं की बहुतेक मुलं नवा कागद घेतात आणि नवी नक्षी काढायला बसतात. नवी वेल, नवी पाकळी, नवी रंगसंगती. रंग लावण्यातला दोष मात्र होता तिथेच राहतो, कारण मांडणीच्या नवेपणात तो डोळ्यांना दिसतच नाही. रंगकाम सुधारायचं असेल तर मांडणी तीच ठेवावी आणि तीच नक्षी पुन्हा रंगवावी. दोन कागद शेजारी ठेवले की फरक फक्त हाताचा आणि रंगाचा उरतो, आणि तो लपत नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांत संकल्पचित्राचा पेपर असतो. त्याच्या सरावाचे जुने कागद माळ्यावर किंवा फाइलीत पडलेले असतील. त्यातलं निसर्गावरून घेतलेलं एक चित्र काढा. नागपूरकडे सहज हाताशी येणारं फूल म्हणून इथे पळसाचं उदाहरण घेतलं आहे. तुमची नक्षी बहाव्याची किंवा संत्र्याच्या फुलाची असली तरी रीत हीच.

आधी जुन्या चित्राची तपासणी

जुनं चित्र भिंतीला टेकवून तीन मीटरवरून बघा. मग उलटं करून बघा, म्हणजे फूल दिसायचं थांबतं आणि नुसते आकार आणि रंग दिसतात. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. पळसाच्या नक्षीत इथेच घोटाळा सापडतो: भडक केशरी आणि मध्यम हिरवा हे रंग डोळ्यांना वेगवेगळे वाटतात, पण कृष्णधवल फोटोत दोन्ही जवळजवळ सारख्याच करड्या छटेचे निघतात. म्हणून लांबून फूल आणि पान एकमेकांत मिसळतात. रंग चांगले असूनही चित्र ‘उठत नाही’ ते त्यामुळे.

मग जवळून बघा. पार्श्वभूमीत ब्रशचे पट्टे आहेत का, पाकळीची कडा थरथरली आहे का, पिवळ्याखालून पेन्सिल दिसते का, कुठे रंगाला भेगा आहेत का. चित्राच्या मागे दोष लिहा आणि त्यातले दोनच या खेपेसाठी निवडा. सगळं एकदम सुधारायला गेलं की कशामुळे काय सुधारलं ते कळत नाही. आणखी एक. सगळ्या आकारांना काळ्या स्केचपेनची बाह्यरेषा मारलेली असेल तर ती कशासाठी मारली होती ते प्रामाणिकपणे आठवा. दहापैकी नऊ वेळा ती कच्ची कडा झाकायला मारलेली असते. या वेळी स्केचपेन कपाटातच राहू द्या.

फुलाकडे परत

जुनी नक्षी जशीच्या तशी ट्रेस करून रंगवली तर जुन्या रेखाटनातली चूकही तशीच उतरते. मांडणी तीच ठेवायची, पण आकार फुलाकडे बघून दुरुस्त करायचे. नागपूरला पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये, होळीच्या आगेमागे फुलतो. काटोल रोडने किंवा रामटेककडे थोडं बाहेर पडलं की रस्त्याकडेला झाडं दिसतात. फुलं तोडायची गरज नसते, झाडाखाली ताजा सडा असतो. चार-पाच फुलं ओल्या रुमालात गुंडाळून डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी चित्र काढा. वाळली की पाकळ्या तपकिरी पडतात, मग रंगाचा अंदाज चुकतो.

फूल हातात घेऊन सुटं करा. पाकळ्या पाच, पण जास्वंदासारख्या गोलाकार मांडलेल्या नाहीत, आणि मुलांची पहिली चूक इथेच होते. एक मोठी पाकळी मागे वळलेली असते. दोन बाजूंना असतात. उरलेल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारखा बाक तयार होतो. नक्षीत हा बाक महत्त्वाचा. तो ओळखू आला तर फूल पळसाचं वाटतं, नाहीतर कुठलंही केशरी फूल होतं. देठाकडचा पेला मखमली आणि गडद असतो, हिरवट-तपकिरी. लांबून काळा वाटतो, पण काळा नसतो. पाकळी उजेडाकडे तिरपी धरली तर बाहेरच्या बाजूवर बारीक रुपेरी लव दिसते. त्यामुळे बाहेरचा केशरी थोडा मंद आणि आतला जास्त तेजस्वी दिसतो. ही दोन केशरी वेगळी रंगवली की सपाट नक्षीतही पाकळी वळल्यासारखी वाटते, छायांकन करावं लागत नाही.

पानांचं म्हणाल तर पळसाला पानं तीनच, हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरी चित्रात पाच काढली जातात. तीनही सारखी नसतात. मधलं रुंद आणि देठाकडे निमुळतं असतं, बाजूची दोन तिरकस; त्यांची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा रुंद. फुलांच्या दिवसांत झाड बहुधा निष्पर्ण असतं, म्हणून पानाच्या शिरा बघायला पळसाची पत्रावळ आणा. मुख्य शीर आणि तिच्यातून फुटलेल्या शिरा तिच्यावर स्पष्ट दिसतात. फूल आणि पान झाडावर एकत्र नसले तरी नक्षीत एकत्र घ्यायला हरकत नाही, ती सवलत संकल्पचित्राला असते.

कागद, चौकट आणि जोड

पाव शीट कागद (साधारण २८ × ३८ सेंमी), २०० जीएसएमपेक्षा (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनापेक्षा) जाड. त्यावर मधोमध २४ सेंमीचा चौरस, आणि त्यात ८ सेंमीचे नऊ चौरस. कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने पाटाला (ड्रॉइंग बोर्डला) लावा, नाहीतर ओल्या रंगाने तो फुगतो आणि खोलगट भागात रंग साचतो.

आठ सेंमीची एक नक्षी ट्रेसिंग पेपरवर काढा; हीच नऊही चौरसांत पुन्हा पुन्हा येणार आहे. कडेला देठ नीट जुळतात का हे डोळ्यांनी ठरवू नका. त्या ट्रेसिंगची एक प्रत काढून ती मधोमध उभी कापा, डाव्या-उजव्या तुकड्यांची जागा बदला आणि टेप लावा. आधी बाहेर असलेल्या कडा आता मध्ये आल्या. देठ तुटला असेल, पान अर्धवट असेल, मध्ये रिकामी गल्ली पडली असेल तर ते लगेच दिसतं. दुरुस्त करा. मग आडवी कापून वरखाली बदला आणि पुन्हा तपासा. हे अर्ध्या तासाचं काम वगळलं की नऊ चौरस रंगवून झाल्यावर चित्रात जाळी दिसते आणि तेव्हा काही करता येत नाही.

रेखाटन कागदावर उतरवायला कार्बन पेपर वापरू नका. त्याचा मेणचट अंश कागदावर राहतो आणि पातळ रंग त्यावर नीट बसत नाही. ट्रेसिंगच्या मागे मऊ २बी पेन्सिल घासा, पुढून कडक एच पेन्सिलने गिरवा. नंतर मऊ खोडरबर दाबून-उचलून (घासून नव्हे) रेषा जेमतेम दिसेल इतकी फिकी करा. शिसं जास्त राहिलं तर पिवळा आणि केशरी लगेच मळतात.

रंग कालवणं

पोस्टर कलर आणि गोल ब्रश दोन आणि चार नंबरचे, पार्श्वभूमीसाठी सहा नंबरचा चपटा. नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) स्टेशनरीच्या दुकानात हे सगळं मिळतं. ब्रश घेताना दुकानदाराकडून पाणी मागून तो ओला करून झटका. टोक एकत्र आलं नाही तर तो ब्रश कडेसाठी निरुपयोगी.

बाटलीतला ऑरेंज थेट लावला की पळस प्लास्टिकचा दिसतो. दोन भाग व्हर्मिलियनला एक भाग क्रोम यलो, हा आतल्या पाकळीचा केशरी. लेमन यलो आणि क्रिमसन एकत्र करून केशरी करायला जाल तर तो मंद येतो, कारण एक हिरव्याकडे झुकलेला आणि दुसरा निळ्याकडे. बाहेरच्या पाकळीसाठी याच मिश्रणात आधी थोडा पिवळा वाढवा आणि मग ब्रशच्या टोकावर येईल एवढाच पांढरा. फक्त पांढऱ्याने उजळवलं तर केशरी गुलाबट आणि खडूसारखा होतो.

पेल्यासाठी बर्न्ट अंबर आणि सॅप ग्रीन समान, त्यात किंचित अल्ट्रामरीन. पानासाठी सॅप ग्रीनमध्ये यलो ऑकर, आणि ते केशरीपेक्षा स्पष्टपणे गडद ठेवा. पार्श्वभूमी फिकट निळसर करडी: पांढऱ्यात थोडा अल्ट्रामरीन आणि त्याहून कमी बर्न्ट सिएना. कृष्णधवल फोटोतली अडचण इथे सुटते. पार्श्वभूमी सगळ्यांत फिकी, फूल मध्यम, पान आणि पेला गडद.

प्रत्येक रंग सगळ्या चित्राला पुरेल इतका एकदाच कालवा. वरच्या मापात पार्श्वभूमीला दोन हातांसाठी (थरांसाठी) साधारण १० मिली रंग लागतो, म्हणजे दीड छोटा चमचा रंग आणि अर्धा चमचा पाणी. निम्म्यात संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही, कारण ओला आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो: गडद छटा वाळून थोड्या फिकट होतात, फिकट छटा थोड्या गडद. म्हणून त्याच कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलची रेघ ओढून तिच्यावर रंगाची पट्टी मारा, पूर्ण वाळू द्या आणि मगच ठरवा. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.

दाटपणा मोडलेल्या दह्याइतका हवा. पट्टीखालची पेन्सिलची रेघ झाकली गेली आणि ब्रशचे केस उमटले नाहीत, की पाणी बरोबर आहे.

रंग लावणं

पार्श्वभूमीपासून सुरुवात करा, पण फुलांची जागा कोरी सोडा. पोस्टर कलरचा केशरी दुसऱ्या रंगावर पूर्ण झाकत नाही, खालचा करडा डोकावतो.

आकाराच्या कडेला दोन नंबरच्या ब्रशने दोन-तीन मिलिमीटरची पट्टी ओढा आणि ती ओली असतानाच मोठ्या ब्रशने पुढचा भाग भरा. एका वेळी एकाच चौरसाइतकी जागा घ्या. ओली कडा वाळायच्या आत पुढे सरकत राहायचं. अर्धवट वाळलेल्या रंगावर ‘एवढंसं सारखं करू’ म्हणून परत ब्रश फिरवला की नेमका तिथेच पट्टा उठतो. पहिला हात उभा, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा आडवा. दुसऱ्या हातात पाणी जास्त झालं किंवा एकाच जागी घासलं तर खालचा थर विरघळून वर येतो, कारण पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्यात सुटतो. याउलट एकाच हातात झाकायचं म्हणून दाट थापला तर वाळताना भेगा पडतात. गडद रंगांत हा मोह जास्त होतो.

पाकळीची कडा ओढताना ब्रश अंगाकडे ओढा आणि वळण आलं की मनगट वाकवण्याऐवजी पाट फिरवा. चोचीचा बाक एकाच ओढीत यायला हवा. ब्रशचं टोक बारीक बाजूला टेकवा, मध्यावर दाब द्या, शेवटी उचला. हे जमेपर्यंत रद्दी कागदावर त्याच मापाचे वीसेक बाक ओढा. मूळ कागदावर सराव करू नका. कडा बाहेर गेली तर पांढऱ्याने झाकू नका, ती जागा वेगळी चमकते. पूर्ण वाळल्यावर पार्श्वभूमीच्याच रंगाने कडा आत घ्या. म्हणून तर तो डबीत ठेवायला सांगितला.

नऊही चौरसांत एक रंग पुरा करून मग पुढचा घ्या. एकेक चौरस पूर्ण करत गेलं तर पहिला आणि नववा यांत हात बदललेला दिसतो.

नागपूरचा उन्हाळा

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ताटलीतला रंग बघता बघता साय धरतो आणि कागदावरची ओली कडा टिकतच नाही. काम सकाळी उरका. कूलरचा झोत कागदावर थेट येऊ देऊ नका, पंखाही मंद ठेवा. ताटलीत रंगाशेजारी ओल्या कापडाची घडी ठेवून वरून झाकण ठेवा. रंगात ग्लिसरिनचा एखादा थेंब टाकला तर तो सावकाश वाळतो, जास्त झालं तर मात्र चिकट राहतो आणि फाइलीत वरच्या कागदाला चिकटतो. हाताखाली कोरा कागद हवाच. घामाचा, तेलाचा डाग पडला की तिथे रंग आकसून मागे सरतो. पावसाळ्यात अडचण उलटी: थर लवकर वाळत नाही आणि दुसऱ्या हाताची घाई केली की दोन्ही थर उखडतात. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघा, गार लागला तर आत ओल आहे.

शेजारी ठेवल्यावर

टेप काढताना ती कागदालगत मागे वळवून सावकाश ओढा. दोन्ही चित्रं खिडकीच्या उजेडात, ट्यूबलाइट बंद करून शेजारी लावा आणि पुन्हा कृष्णधवल फोटो घ्या. मागे लिहिलेल्या दोन दोषांपुढे काय झालं ते लिहा. ते गेले असतील तर यादीतले पुढचे दोन घ्या, आणि तिसऱ्या कागदावर रेखाटन तसंच ठेवून फक्त पार्श्वभूमी गडद करा. तिथे केशरी जास्त उजळ दिसेल, पण कडेची प्रत्येक थरथर उघडी पडेल, आणि गडद रंगाचे पट्टे जास्त ठळक दिसतात म्हणून पार्श्वभूमीला तिसरा पातळ हात लागेल. रंग थोडा जास्त कालवून ठेवा.