व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकताय? या चुका टाळा

नुसती लिंक टाकायची आणि पुढे एक शब्दही लिहायचा नाही, ही सर्रास होणारी चूक. लिंक कशाची, आत्ता इथे का टाकली, एवढे दोन ओळींत लिहिले की पुरे. तीन तासांच्या नाटकाचा व्हिडिओ पाठवून ‘बघा’ म्हणण्यापेक्षा ‘४२व्या मिनिटापासूनचा प्रवेश बघा, आपल्या दुसऱ्या अंकाचं नेपथ्य असं करता येईल’ असे लिहिले, तर मंडळी निदान तेवढे तरी बघून तालमीला येतात.

नाट्यमंडळाच्या ग्रुपवर खरा घोळ होतो तो गुगल ड्राइव्हचा. जत्रेच्या नाटकाची संहिता दिग्दर्शक टाकतो आणि पाठोपाठ ‘उघडत नाही’चा पाऊस. नेटवर्कला बोल लावू नका. ड्राइव्हवरची फाइल मुळात तुमच्यापुरतीच खुली असते. ‘शेअर’मध्ये जाऊन ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय निवडावा लागतो. घाईत काही जण तिथेच ‘एडिटर’ ठेवतात. मग कुणाच्या तरी बोटाने अर्धा प्रवेश पुसला जातो आणि शिव्या प्रॉम्प्टरला! ‘व्ह्यूअर’ ठेवा. पुसलेच गेले, तर गुगल डॉकमध्ये ‘व्हर्जन हिस्टरी’तून जुना मजकूर परत मिळतो. वर्गणीदारांची नावे आणि फोन नंबर मात्र अशा खुल्या लिंकवर ठेवूच नयेत. ती ग्रुपबाहेर गेली की कोण बघतो यावर आपला काही ताबा राहत नाही.

लिंक निळी होत नाही किंवा अर्धीच उघडते? तिला चिकटून एखादे अक्षर किंवा कंस आला आहे का ते बघा. मागेपुढे जागा सोडा. छोटे चित्र दिसायला हवे असेल, तर पेस्ट केल्यावर ते येईपर्यंत क्षणभर थांबून मग पाठवा.

बातमीची तारीख न बघणे ही चूक गोव्यात महाग पडते, विशेषतः म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकशी असलेल्या वादाच्या बाबतीत. कर्नाटकच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाच्या अहवालाला केंद्रीय जल आयोगाने डिसेंबर २०२२मध्ये मंजुरी दिली. ती बातमी आज कुणी ‘आताच आलंय’ म्हणून टाकली, तर रात्रभर ग्रुप तापतो आणि तारीख सकाळी कुणाच्या तरी लक्षात येते. दोन बाणांची खूण असलेला मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. लिंक कॉपी करून नव्याने टाकली की ती खूण जाते, म्हणून खूण नाही एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाचे चलन म्हणून ‘एपीके’ फाइल (अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) आली, तर ती ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

वेळेचे भानही हवेच. कुणाच्या निधनाची बातमी आली आहे, खाली श्रद्धांजली चालू आहे, आणि मध्येच आपल्या चॅनेलची लिंक! हे फक्त विचित्र दिसत नाही, लोक ते लक्षात ठेवतात.

एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने खोटी लिंक टाकली, तर चारचौघांत उणेदुणे काढू नये. खासगीत ‘बाब, ही बातमी जुनी दिसते’ एवढे लिहावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो. त्यांना ते जमत नसेल, तर अ‍ॅडमिनला सांगावे. त्याला तो पुसता येतो.