बीजीएमआयमध्ये एम416 वापरताय? या चुका टाळा

एम416 ही बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइल गेममधली सगळ्यात सांभाळून घेणारी असॉल्ट रायफल आहे. मझल (नळीच्या तोंडाचा भाग), ग्रिप (पुढची मूठ), मॅगझिन, स्टॉक (खांद्याला टेकणारा दांडा) आणि स्कोप, पाचही अटॅचमेंट तिला बसतात. एकेएम या दुसऱ्या रायफलला ग्रिपही बसत नाही आणि स्टॉकही नाही. तरीसुद्धा "भावा, गन लय हलते, गोळ्या लागतच नाहीत" ही रड रोज कानावर येते. मग कोणी बंदूक बदलतो, कोणी फोन बदलतो. गडबड मात्र बहुतेक वेळा सेटिंगमध्येच झालेली असते.

दुसऱ्याचा सेन्सिटिव्हिटी कोड टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात. सेन्सिटिव्हिटी म्हणजे बोट ओढलं किंवा फोन तिरका केला की निशाणा किती फिरतो त्याचे आकडे; कोड टाकला की दुसऱ्याचे आकडे तुमच्या गेममध्ये येतात. एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचा कोड टाकायचा, दोन मॅच खेळायच्या, जमलं नाही की तिसऱ्याचा कोड शोधायचा. तो खेळाडू कदाचित टॅबवर चार बोटांनी आणि 90 एफपीएसवर (सेकंदाला 90 फ्रेम) खेळतो. तुमच्या हातात लहान फोन आहे, दोन अंगठे आहेत आणि मॅचच्या मध्यात फोन तापून फ्रेम पडतात. टॅबच्या स्क्रीनवर बोट खाली ओढायला जागा किती आणि फोनवर किती, एवढ्या एका फरकानेच तो कोड तुमच्यासाठी बाद होतो. फोन तिरका केल्याचं ओळखणारा जायरो सेन्सरही प्रत्येक फोनमध्ये सारखा नसतो.

आधी कुठला आकडा कशासाठी आहे ते समजून घ्या. गोळी न झाडता नजर फिरवताना कॅमेरा सेन्सिटिव्हिटी लागते. गोळीबार चालू असताना बोट ओढलंत की एडीएस. फोन तिरका केलात की जायरोस्कोप. रिकॉइल (गोळी सुटताना बंदुकीला बसणारा झटका) आवरत नाही म्हणून कॅमेऱ्याचे आकडे वाढवत बसणारे रोज भेटतात. त्याने रिकॉइल कमी होत नाही, फक्त निशाणा बसवताना हात भरकटतो.

आता ट्रेनिंग ग्राउंडमध्ये जा. एम416 घ्या, फक्त रेड डॉट (झूम नसलेला साधा स्कोप) लावा, बाकी काही नको. मॅचमध्ये उतरल्या उतरल्या हातात अशीच नागडी बंदूक येते, म्हणून सवय तिचीच आधी. भिंतीसमोर उभे राहा आणि बोट अजिबात न ओढता 30 गोळ्या एका दमात सोडा. दोन गोळ्यांमध्ये 0.086 सेकंद जातात, म्हणजे अडीच-पावणेतीन सेकंदांत मॅगझिन रिकामं. भिंतीवरची खूण किती वर चढली ते पाहा. मग तेच बोट खाली ओढत करा. अंगठा स्क्रीनच्या तळाला पोचला तरी गोळ्या वर जात असतील तर एडीएस 5ने वाढवा. निशाणा जमिनीकडे घसरत असेल तर 5ने कमी करा. रेड डॉट बसला की 3x, मग 4x (तीनपट आणि चारपट झूमचे स्कोप). कॉम्पेन्सेटर (झटका कमी करणारा मझल) आणि ग्रिप त्यानंतर.

एकदा बसलेले आकडे हरलात म्हणून त्याच संध्याकाळी बदलू नका. हाताला सवय व्हायला दिवस लागतात. पाच मिनिटांत निकाल मागणाऱ्याचा हात कधीच बसत नाही, कारण तो एका आकड्यावर टिकतच नाही.

लांबून स्प्रे मारणं

स्प्रे म्हणजे बोट न उचलता सलग गोळ्या सोडणं. पोचिंकी या मॅपवरच्या गावात रोज दिसणारा प्रसंग आहे. चौघांचं स्क्वाड घरात दबा धरून बसलंय, कोणाला पत्ता नाही. बाहेरच्या उघड्या रानात, 200 मीटरवर, एकजण धावत चाललाय. गच्चीवरचा गडी 6x लावून ऑटोवर अख्खं मॅगझिन सोडतो. त्यातली एक गोळी लागते. समोरचा झाडामागे जातो, बँडेज बांधतो आणि मॅपवर मार्कर टाकतो. अर्ध्या मिनिटात त्याचे तिघे साथीदार भिंतीला येऊन चिकटतात, खिडकीतून ग्रेनेड आत पडतो आणि गच्चीवरच्या गड्याचं मॅगझिन अजून भरायचंच असतं.

चुकलं कुठे? एम416ची गोळी सेकंदाला सुमारे 880 मीटर जाते. 200 मीटर गाठायला तिला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, तेवढ्यात धावणारा जवळजवळ दीड मीटर पुढे सरकतो. निशाणा त्याच्या अंगावर धरलात तर गोळी पाठीमागून जाणार. पुढे धरलात तरी सातव्या-आठव्या गोळीपासून नळी वर चढलेली असते. शिवाय लेव्हल 2चा वेस्ट (चिलखत) अंगावरचं 40 टक्के डॅमेज खातो, लेव्हल 3चा 55. छातीत पाच-सहा गोळ्या बसल्याशिवाय माणूस पडत नाही. 200 मीटरवरून, धावत्या माणसाला, एका स्प्रेत एवढ्या गोळ्या लागणार नाहीत.

म्हणून 50 मीटरपर्यंत खुशाल स्प्रे मारा. शंभरच्या आसपास चार-पाच गोळ्या सोडा, बोट उचला, निशाणा खाली येऊ द्या, परत चार-पाच. त्यापुढे सिंगल मोड (एका दाबात एक गोळी), आणि तोही समोरचा थांबला तरच. धावतोय तर जाऊ द्या, तुमची जागा उघडी पडणं जास्त महाग आहे. लांबचा स्प्रे मारायचाच असेल तर बसून मारा आणि 6xचा झूम 3xपर्यंत खाली आणा. झूम कमी केला तरी सेन्सिटिव्हिटी 6xचीच चालते, तेव्हा तो आकडा ट्रेनिंगमध्ये वेगळा बसवून ठेवा.

दर सात गोळ्यांनी रिलोड

घाबरलेला हात आपोआप रिलोडवर जातो. मॅगझिनमध्ये 20च्या वर गोळ्या असतील आणि शत्रू जवळ असेल तर रिलोड करू नका. ऐन मारामारीत संपल्याच तर दुसरी बंदूक काढा, ते रिलोडपेक्षा लवकर होतं. दुसरी बंदूक नेहमी भरलेली हवी; ती रिकामी पाठीला लावून फिरणारे पाहिले की जीव जळतो.

बाकीच्या चुका

सप्रेसरने आवाज आणि नळीची ज्वाळा लपते, रिकॉइल कमी होत नाही. त्यासाठी कॉम्पेन्सेटर.

मारामारीत उड्या मारत गोळीबार करू नका, गोळ्या विखुरतात. बसलात तर नळी कमी चढते.

पीक करायचं, म्हणजे आडोशामागून डोकवायचं, तर शक्यतो कव्हरच्या उजव्या बाजूने. रायफल उजव्या खांद्यावर असते, त्यामुळे अंग कमी बाहेर येतं.

एसटीत किंवा लोकलमध्ये जायरो लावून खेळू नका. गाडी वळली की फोन वळतो आणि फोनबरोबर निशाणाही.

"नो रिकॉइल" नावाच्या फाइली टाकू नका. ती सरळ चीटिंग आहे. अकाउंट जातं आणि हात कच्चाच राहतो.

400 गोळ्या भरून स्मोकला (धुराच्या ग्रेनेडला) जागा न ठेवणं हाही वेडेपणाच. 5.56च्या 200 ते 240 गोळ्या एका एम416ला पुरतात. उरलेल्या जागेत निदान तीन स्मोक आणि दोन ग्रेनेड ठेवा.