हरणापासून मूसपर्यंत एकच रायफल: कॅलिबर कोणतं?
सगळ्या मोठ्या शिकारीला एकच रायफल ठेवायची असेल, तर .३०-०६ स्प्रिंगफील्ड घ्यावी. काडतूस १९०६ सालचं, पण गोळ्यांची एवढी निवड क्वचितच मिळते. हरणाला १५० ग्रेनची गोळी पुरते (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). एल्क-मूससारख्या अवाढव्य हरणांना १८० ग्रेनची, तीही बाँडेड (आतलं शिसं कवचाला घट्ट जोडलेली) किंवा अखंड तांब्याची. पातळ कवचाची गोळी खांद्याच्या हाडावर आपटली की तिथेच फुटू शकते. मग ती फुप्फुसापर्यंत पोचत नाही आणि जनावर जखमी होऊन निघून जातं. गोळीचं वजन बदललंत की झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, ते पुन्हा तपासा.

आखूड, हलकी रायफल हवी असेल तर .३०८ विंचेस्टर. वेग जरा कमी, पण धक्काही कमी.

जास्त ताकदीच्या .३०० विंचेस्टर मॅग्नमचा मोह पडतोच. पण धक्क्याच्या धास्तीने अंग आधीच आक्रसतं आणि नेम चुकतो. सुरक्षित रेंजवर सोबत्याला, तुम्हाला न कळवता, मॅगझिनमध्ये एखादं डमी (न उडणारं) काडतूस मिसळायला सांगा. चाप ओढताना नुसता ‘टक्’ आवाज झाला आणि नळी खाली झुकली, तर कॅलिबर एक पायरी खाली आणा.

आफ्रिकेतल्या रानम्हशीला मात्र हा हिशेब लागू नाही, तिथे सुरुवातच .३७५ कॅलिबरपासून.