धावती स्कूटर थांबवायला किती बल लागते, हे कसे काढावे

हिशेबाला तीनच आकडे लागतात: वस्तुमान, ब्रेक लावतेवेळचा वेग आणि थांबेपर्यंत कापलेले अंतर.

स्कूटर ११० किलो आणि चालवणारा ७०, म्हणजे वस्तुमान १८० किलो. वेग ताशी ४५ किलोमीटर असेल तर आधी ३.६ ने भागा: सेकंदाला १२.५ मीटर. बहुतेकांचा हिशेब इथेच फसतो. भागायचे राहिले तर वेगाचा वर्ग होत असल्यामुळे उत्तर जवळजवळ १३ पट येते.

अंतर टेपने मोजा, पण ब्रेक लागला त्या खुणेपासून. समोर गुरे दिसल्यापासून हात दाबेपर्यंतच्या सेकंदात स्कूटर १२.५ मीटर पुढे जाते. तेव्हा ब्रेकचे बल लागलेलेच नसते, म्हणून ते अंतर यात धरायचे नाही. खुणेपासून १५ मीटर भरले असे समजू.

बल = वस्तुमान × वेग × वेग ÷ (२ × अंतर)

१८० × १२.५ × १२.५ ÷ ३० = सुमारे ९४० न्यूटन (न्यूटन हे बलाचे एकक). हे सरासरी बल झाले. प्रत्यक्षात ते क्षणोक्षणी कमीजास्त होते. तीच स्कूटर गडग्यावर (दगडी कुंपणावर) आदळून ३० सेंटिमीटरांत थांबली तर अंतर पन्नासावा हिस्सा, म्हणून बल पन्नास पट: ४७ हजार न्यूटन.

आता हे बल रस्ता देईल का, ते पाहा. ब्रेक चाक अडवतो, पण स्कूटर थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाने. सपाट रस्त्यावर ते जास्तीत जास्त घर्षण गुणांक × वस्तुमान × ९.८ एवढे मिळते. गुणांक म्हणजे रस्त्याची पकड किती ते सांगणारा आकडा, आणि ९.८ हे गुरुत्वाकर्षणाचे त्वरण. कोरड्या डांबरावर गुणांक ०.७ च्या आसपास, म्हणजे १,२३५ न्यूटन, ९४० ला पुरतात. पावसात ०.४ धरला तर ७०५ च. मग १५ ऐवजी २० मीटर लागतात, आणि चिरेखाणीची तांबडी माती रस्त्यावर आली असेल तर त्याहून जास्त. जोरात दाबून उपयोग नाही, चाक लॉक होऊन घसरेल.

पायलटामागे (भाड्याने दुचाकी चालवणाऱ्यामागे) ७० किलोचे गिऱ्हाईक बसले की तेवढ्याच अंतरात थांबायला १,३०० न्यूटन लागतात. वजनाबरोबर घर्षणही वाढते, पण ते बल उभे करण्याचे काम ब्रेकचे. ब्रेकचे लायनर (चाकाला घासून ते अडवणारे अस्तर) झिजलेले असतील तर ते तिथे कमी पडतात.

चोर्ला घाट उतरताना गुरुत्वाकर्षणही पुढे ओढते. २० मीटरला १ मीटर उतार असेल तर १८० × ९.८ ÷ २०, म्हणजे ८८ न्यूटन वरच्या ९४० मध्ये मिळवा. चढावर तेवढेच वजा.