सुरक्षा समितीच्या बैठकीत नवे उपाय कसे शोधावेत?

कारखान्याच्या सुरक्षा समितीच्या इतिवृत्तात एक वाक्य हमखास सापडते: ‘कामगारांना काळजी घेण्याच्या सूचना द्याव्यात.’ सूचना देऊन होतात, फलक लागतो आणि पुढच्या बैठकीत तोच विषय पुन्हा पुढे येतो. वेगळे काही सुचायला हवे असेल, तर आधी बैठकीची रीत बदलावी लागते.

1. सुरुवात जागेवरून करा. पाळी चालू असताना, जिथे धोका आहे तिथे जा आणि रोज ते काम करणाऱ्यालाच बोलू द्या.

2. आता प्रश्न नीट मांडा. सर्वात जास्त वेळ इथेच घालवावा. ‘लोक फोर्कलिफ्टची (माल उचलून नेणाऱ्या गाडीची) वाट ओलांडतात’ ही नुसती तक्रार झाली. जपानी उद्योजक साकिची टोयोडा यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘पाच वेळा का’ ही पद्धत इथे उपयोगी पडते. का ओलांडतात? पलीकडे जायचे असते. पलीकडे कशाला? पिण्याच्या पाण्याचा नळ तिकडे आहे. मग नळच अलीकडे आणला तर? इथे दोनच ‘का’ पुरले. पाचाचा हट्ट नको. मात्र उत्तर ‘निष्काळजीपणा’ असे आले, तर हमखास आणखी एक ‘का’ विचारा.

3. कल्पना बोलण्याआधी कागदावर उतरवा. साहेब आधी बोलले की बाकीच्यांच्या माना डोलतात. बर्न्ड रोरबाख यांनी 1968 मध्ये मांडलेली 6-3-5 पद्धत सोपी आहे: सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटे, मग कागद शेजाऱ्याकडे. त्याने त्यात भर घालायची. विचारांची गाडी अडली, तर उलटे विचारा: ‘इथे अपघात घडवायचाच असेल, तर काय करावे लागेल?’ लोक हसतात आणि मोकळे होतात. त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी आपल्याकडे आधीच चालू असल्याचेही बरेचदा दिसते.

4. कल्पना क्रमाने चाळा. धोका मुळातच काढून टाकता येईल का? नाही तर कमी धोक्याचे साधन किंवा रसायन? मग जाळी, कठडा, आपोआप बंद पडणारे यंत्र. त्यानंतर नियम आणि प्रशिक्षण. हेल्मेट-हातमोजे सगळ्यात शेवटी. समित्या बहुधा हा क्रम खालून वर वाचतात!

5. निवडलेला उपाय आधी एकाच ठिकाणी करून पाहा. जबाबदार व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. उपायातून नवा धोका तर उभा राहत नाही ना, हेही तपासा. नव्या नळाखालची फरशी ओली राहत असेल, तर निचऱ्याचे काम त्याच खर्चात धरा.