सुनौलीमार्गे नेपाळ: फक्त आधार कार्डावर निघू नका

नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्टही असलाच पाहिजे असं नाही. एवढंच ऐकून बरेच जण आधार कार्ड खिशात टाकून निघतात आणि तिथेच फसतात. 15 ते 65 वयाच्या माणसाकडे वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, यांपैकी एक मूळ प्रत हवी. आधार, पॅन, लायसन्स, रेशन कार्ड ही कागदपत्रं 15 वर्षांखालच्या मुलांना आणि 65 वरच्या ज्येष्ठांनाच चालतात, तीही फोटो असलेली. 15 ते 18 वयाच्या मुलांसाठी मुख्याध्यापकांच्या सहीचं ओळखपत्र घ्या.

कुर्ल्याहून रेल्वेने गोरखपूर आणि तिथून बसने सीमेवरचं सुनौली, हा आपल्याकडचा सोयीचा रस्ता. सीमेवरची कमान पायी ओलांडली की पलीकडे नेपाळचं बेलहिया. तिथे गर्दीत अनेकदा कुणी काही विचारत नाही, त्यामुळे सगळं चालतं असा समज होतो. खरी अडचण काठमांडूहून विमानाने परतताना येते. तिथे कागद नीट तपासतात. मतदार कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव सारखं आहे ना, हे तिकीट काढतानाच बघा. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे असतं, तेही लक्षात ठेवा.

सोबत अमेरिकेचा नागरिक असलेला नातू असेल तर त्याचं प्रकरण वेगळं. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) असलं तरी नेपाळच्या दृष्टीने तो परदेशीच, त्याला व्हिसा लागतो: 15 दिवसांचे 30, 30 दिवसांचे 50, 90 दिवसांचे 125 डॉलर. रक्कम रोख डॉलरमध्ये जवळ ठेवा. आधी सुनौलीत भारतीय इमिग्रेशनचा बाहेर पडल्याचा शिक्का, मग बेलहियात व्हिसा. घाईत पहिला शिक्का राहून गेला, तर मागे फिरावं लागतं.

स्वतःची गाडी नेणार असाल तर बेलहियाच्या भन्सार कार्यालयात, म्हणजे नेपाळच्या कस्टममध्ये, परवाना काढा. मूळ आरसी आणि लायसन्स दाखवा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतिपत्र लागतं. शुल्क दिवसावर असतं, मुदत उलटली की दंड. पोखरा, मुक्तिनाथकडच्या घाटात दरड कोसळून रस्ता अडतो, म्हणून ठरलेल्या दिवसांपेक्षा एक दिवस जास्तीचा घ्या. वर्षात एकूण 30 दिवसांपेक्षा जास्त गाडी ठेवता येत नाही. भारतातला विमा तिथे आपोआप लागू होत नाही. निघण्याआधी कंपनीकडून पॉलिसीत नेपाळ जोडून घ्या. हे बहुतेक जण विसरतात, आणि अपघात झाला तर सगळा खर्च अंगावर येतो.

पैसे 100 च्या नोटांत न्या. 100 भारतीय रुपयांचे 160 नेपाळी होतात, हा दर 1993 पासून पक्का आहे. भाव ठरवताना ‘आयसी की एनसी?’ असं आधी विचारा. आयसी म्हणजे आपले रुपये, एनसी म्हणजे त्यांचे.